लोण्यासारखे ब्रेक

बार्शीच्या एका ठेकेदाराकडून घेतली ही गाडी.
दोन हजार नऊचं मॉडेल, मी तिसरा मालक.
काच खाली करून तो म्हणाला होता,
ब्रेक? लोण्यासारखे.
लोण्यात पाय बुडतो
हे तेव्हा सुचलं नाही.

सोलापूर सपाट गाव.
इथं ब्रेकचं दुखणं लवकर अंगावर येत नाही.
सात रस्त्याला रिक्षा आडवी घुसते,
आपण तिसाच्या वर गेलेलोच नसतो,
पेडल थोडं खाली जातं, गाडी थोडी पुढं जाते,
थोड्यावर सगळं भागतं.

मग एक शिट्टी, पुढच्या उजव्या चाकात,
पाटीवर कुणी नख ओढावं तशी.
मग स्टिअरिंगला कापरं, ऐंशीवरून साठवर येताना.
मग डावीकडं ओढ,
अशी, की हात सोडले असते
तर आपली आपण होटगी रोडला वळली असती.
मी रेडिओचा आवाज वाढवला.
चार महिने हाच इलाज.

नाना शेजारी बसतात.
बेचाळीस वर्षं अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या मागांवर उभे राहिलेले नरसय्या म्याकल.
खटखटीनं कान अर्धे नेलेले.
शिट्टी त्यांना ऐकू येत नाही,
पण पुढं ट्रक दिसला की त्यांचा उजवा पाय
रबरी मॅटवर दाबला जातो,
जिथं काहीच नाही.
मी चिडायचो. नाना, तिकडं ब्रेक नाहीये.
तुझ्याकडं तरी आहे काय बे?

तुळजापूरचा घाट उतरताना
पेडल गेलं.
एकदम नाही. बसत बसत गेलं,
थकलेला माणूस भिंतीला पाठ टेकून
खाली सरकतो तसं.
पुढं उसाची ट्रॉली.
दुसरा गिअर. इंजिन किंचाळलं.
हँडब्रेक ओढला, त्याची केबल कधीचीच मेलेली.
मागं लोंबणारं पाचट बॉनेटला घासलं
तेव्हा थांबलो.

बराच वेळ कुणी दार उघडलं नाही.
मग नाना म्हणाले,
माग बरा.
एक दोरा तुटला की उभा राहतो.

रज्जाक नदाफनं चाकं उतरवली.
पॅड कुठंयत मालक? लोखंडावर लोखंड घासायलाव की.
उजव्या कॅलिपरची पिन गंजून बसलेली,
डावं चाक एकटंच राबत होतं इतके दिवस
आणि मी त्यालाच नावं ठेवत होतो.
मागच्या ड्रममध्ये गळती. मास्टर सिलिंडरचं रबर खल्लास.
ऑइल बाटलीत काढलं, बिनदुधाचा चहा.
ह्यात पाणी शिरलंय, तो म्हणाला,
उतारावर उकळतं. वाफेवर पाय देऊन
काय थांबायलंय?

मला सीटवर बसवलं, स्वतः खाली निजला.
दाबा. धरा. धरा म्हणलं की धरा.
हां, सोडा.
दाबा.
नळीतून बुडबुडे निघत राहिले,
चार महिन्यांचे, की बार्शीपासूनचे, कोण सांगणार.
सतरा हजार आठशे.

गाडी पुसताना त्याच्या पोरानं मॅट उचलली.
शेजारच्या सीटची, टाचेपाशी झिजून
पार आरपार दिसणारी.
आमचे वडील, मी हसून म्हणालो.
रज्जाकनं बोट फिरवलं भोकाच्या कडेवरून.
चार महिन्यांत रबर असं झिजत नसतंय मालक.
जुनं आहे हे.

म्हणजे कुणीतरी होतं.
ठेकेदाराची बायको, त्याच्या आधीच्याची आई,
कोण जाणे कुठल्या उतारावर
नसलेला ब्रेक दाबत,
काही न बोलता, किंवा बोलून
आणि कुणी रेडिओ वाढवल्यावर गप्प होऊन.

नवी मॅट घ्यायची राहिली.
पेडल आता वर आहे, कडक आहे.
परवा सात रस्त्याला रिक्षा घुसली,
थांबलो, जागच्या जागी.
शेजारी नानांची टाच
त्याच भोकात
नेमकी बसलेली.