धुणं सोडून

सोमवारी कारखाना बंद,
म्हणून सोमवारीच मी कॅमेरा गळ्यात घालून निघतो.
कुणाच्या तरी हातात लग्नं काढून दमलेला हा जुना कॅमेरा,
पट्ट्याला अजून अक्षतांची हळद.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या.
धार ग्लासात पडताना फेसावर जो उजेड थरथरतो
तेवढाच मला हवा होता.
म्हशीनं मान वळवून बघितलं, हरकत घेतली नाही.
हरकत घेतली पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमननं :
"ओ, आमची भिंत आलीया त्यात. परवानगी हाय?"

भिंतीवर महापुराची रेघ होती,
निळ्या रंगात, माझ्या छातीला लागेल अशी.
म्हटलं, भिंत तुमची, कबूल.
रेघ पाण्याची.
आणि भिंतीवरून घसरून रस्त्यावर आलंय ते ऊन
कुणाच्या सातबाऱ्यावर आहे?
तो विचारात पडला.
विचारात पडलेला माणूस फार देखणा दिसतो.
तो मात्र मी काढला नाही.

पुलावर हवालदार.
नेर्लेकर, असं छातीवर लिहिलेलं.
"काय करालाईस?"
"उजेड बघालोय."
"कशाला?"

ह्या कशालाला माझ्याकडं उत्तर नसतं.
पेपरवाला असतो तर बातमी होती,
मांडववाला असतो तर अल्बम.
मी साचे करणारा माणूस :
वाळूत पोकळी ठेवायची, लोखंड दुसरे ओततात.
हौस हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नाही.

"डिलीट कर."
"कुठल्या कलमाखाली, साहेब?"
"कलम बघाय लागंल."
ते बघेपर्यंत दोघांनी एक चहा अर्धा-अर्धा घेतला.
खांबावरचा कॅमेरा वरून दोघांनाही काढत होता.
त्याला कुणी कशाला विचारलं नाही,
चहाही विचारला नाही.

डिलीट केलं नाही मी.
जिंकल्यासारखा घाटाच्या पायऱ्या उतरलो.

खाली बायाक्का धुणं आपटत होती.
प्रत्येक आपटीला शिंतोड्यांचं एक झाड उगवायचं, विरायचं.
मी डोळा लावला.
पिळा तसाच हातात धरून ती थांबली.
"माझा काढालाईस?"
"घाट सगळ्यांचा आहे, आक्का."
तोंडात अजून कलमाचीच चव होती.

"मग काढ की. मी काय चोरी करालोय?
पर ह्ये धुणं नगं.
ही चादर हातरुणाला खिळलेल्या माणसाची.
ह्यो परकर मास्तरणीचा, ठिगळ बघ केवढं.
आन् ह्यो शर्ट, कॉलर उलटी करून शिवलाय,
घालून गल्ल्यावर मालक म्हणून बसतंय त्ये.
मी हाय घाटावर.
त्यांची घरं न्हाईत हितं."

ओला हात पदराला पुसला,
ढिगाला आपल्या आड घेतलं,
आणि उभी राहिली, तालमीतल्या पोरासारखी ताठ.
एकच फोटो.
त्यात बाई आहे, नदी आहे,
बाईच्या मागं काय आहे ते नाही.

रात्री कार्ड रिकामं करायला बसलो.
निळी रेघ ठेवली. पूल ठेवला.
मागच्या सोमवारची एक खिडकी निघाली,
रस्त्यावरूनच काढलेली, कुणाच्या बापाला न भिता.
आत एक माणूस एकटाच जेवतोय,
उजेड नेमका आमटीच्या वाटीत.
इतका नेमका मला पुन्हा मिळणार नाही.

बोट बटणावर ठेवलं.
नेर्लेकर नव्हता, वॉचमन नव्हता,
कलम तर सकाळीही सापडलं नव्हतं.
नुसतं कुठंतरी दगडावर ओलं कापड
आपटत होतं,
आणि त्या माणसाच्या ताटात
अर्धी भाकरी अजून शिल्लक होती.