सरकून बसा

शालिमारहून नाशिकरोडच्या रिक्षात
द्वारकेला कडेचा एकजण उतरतो, दुसरा चढतो,
मधला नुसता बूड हलवतो.
सीट तीच. माणसं तीनच.

रात्रीचे दोन. शरणपूर.
लॅपटॉपवर ऑटो इन्व्हर्जनच्या चौकटीत टिक केली
आणि सी मेजरमागून एफ आला तेव्हा
सी जागचा उठलाच नाही.
ई अर्धं पाऊल, जी एक पाऊल,
झालं, बसले सगळे.
कालपर्यंत अख्खी कॉर्ड
पिशव्यांसकट उडी मारून पलीकडे जायची.

एस्तेरबाई त्रिभुवन हेच सांगायच्या
चर्चच्या पायपेटीपाशी,
माझ्या मनगटावर रुपया ठेवून:
"उचलू नको रे बोटं, सरकव.
शेजार सोडून कुठं निघालास?"
रुपया पडला की गाणं पहिल्यापासून.

बत्तीस मापं ऐकली. कुठे ठेच नाही.
मग आमेन आलं
आणि ते इतकं गुळगुळीत गेलं
की मला कळलंच नाही संपल्याचं.

बाई तिथे धाडकन खाली जायच्या.
मधला एफ मुका होता,
आणि दुरुस्तीचा ठराव
सतरा वर्षं पुढच्या मीटिंगला.
आम्हाला वाटायचं आमेन असंच असतं,
जिन्यात एक पायरी चुकावी
आणि तरी माणूस उभा राहावा तसं.

त्या एकाच मापाची टिक काढली.
एफ तळाशी नेला, एक सप्तक खाली,
डाव्या करंगळीने.

पडद्यावर पिवळी खूण: अंतर जास्त आहे.

असू दे.