मेणाची साक्ष

आम्ही शोधतोय तो एकच आहे.
किंवा एकही नाही.

जूनमध्ये खेकड्यांची बोट धक्क्याला लागली
तेव्हा क्रेनवरच्या इलारियनला शेपूट दिसलं,
नुसतं शेपूट, फळ्यांच्या चळतीखाली शिरताना.
"दोरी असेल," कुणीतरी म्हणालं.
"दोरी आपणहून आत जात नाही,"
एवढं बोलून तो पुन्हा खेकडे उतरवू लागला.

तेव्हापासून माझ्या दिवसाला एकसष्ट थांबे आहेत.
प्रत्येक थांब्यावर एक लाकडी पेटी,
पेटीत तारेला ओवलेला मेणाचा गोळा,
मेणात कोको आणि शेंगदाण्याचं तेल.
उंदराला मांजर साक्ष म्हणतात;
आमच्याकडे मांजरही नाही.
मी मेणाला विचारते.
गुडघे टेकून, टॉर्च तिरका धरून,
बेरिंगच्या धुक्यात चष्मा पुसत पुसत
विचारते: कोण आलं होतं?

गोगलगाय आली होती. किडे आले होते.
कोल्हा पेटीच उचलून नेतो,
चावतो, फेकतो, वर मुतून ठेवतो.
त्याचा राग येत नाही, तो इथलाच.
कॅमेऱ्यात अकरा हजार फोटो:
गवत, धुकं, कोल्हा, गवत,
माझेच बूट.

मला हवे आहेत (हवे आहेत म्हणावं का?)
दोन चरे, शेजारी शेजारी,
छिन्नीने ओढल्यासारखे.

अग्राफेना मावशी सांगायची त्या बेटाबद्दल,
आमच्या पश्चिमेला, बोटीने चार दिवस.
तिथे कधीतरी एक जहाज फुटलं,
माणसं बुडाली, उंदीर पोहत किनाऱ्याला लागले.
तिचे वडील तिथे अंडी गोळा करायला उतरले
आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतले.
"कड्यावर वारा होता," म्हणाले,
"वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना."
त्यांनी त्या रात्री जेवण टाकलं, मावशी सांगायची,
आणि ते तर जेवण टाकणारे नव्हते.

फेब्रुवारीत एकेचाळीस नंबरला खूण सापडली.
शाळेच्या कुंपणाशी.
माझे हात इतके कापले की पट्टी मेणावर ठरेना.
अर्धचंद्र. खोल. मधे एक फट.
उंदराचा जबडा एवढा रुंद
असेल तर आपण सगळ्यांनीच बेट सोडावं.

मी वर्गात गेले, म्हटलं, "हसा बघू."
सगळे हसले. तिमोफेय हसला नाही.
त्याचा वरचा एक दात पडलाय, ख्रिसमसपासून.
"वास चॉकलेटचा येतो," तो शेवटी म्हणाला,
"पण लागतं चर्चमधल्या मेणबत्तीसारखं."
चर्चमधली मेणबत्ती कशी लागते
हे याला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.
तो गोळा मी ठेवलाय. कपाटात, लेबल लावून.

आता मे. चूचक्या परत आल्या,
मुठीत मावतील एवढाले पक्षी,
धोंड्यांच्या सांदीत एकेक अंडं, एकच,
वर्षाचं सगळं भांडवल.
त्रेपन्न नंबरला मी पेटी उघडते तेव्हा
माझ्या गुडघ्याखालून, दगडांच्या पोटातून
त्यांचं भांडण ऐकू येतं,
कुणाची जागा, कुणाचा पाय, सरक तिकडे.
मी हलत नाही. बर्फाचं पाणी पँटीत मुरतं.

मेण गुळगुळीत आहे.
माझ्याच अंगठ्याचा ठसा, मागच्या मंगळवारचा.

वहीत लिहिते: नाही.
दोन वर्षं रोज "नाही" लिहिलं
की मग कागदावर "नाही" धरतात.
साडेतीनशेच्या आसपास झाले असतील, मोजत नाही.
पेन्सिलीने लिहिते, इथल्या ओलीत शाई पसरते.
इलारियन भेटला की अजून विचारतो, "दिसली का माझी दोरी?"
आणि मी हसते, पण तो हसत नाही.

खाली बंदरात एक नवी बोट वळतेय.
नाव वाचता येत नाही अजून.
मी खिशात मेण चाचपते,
मऊ झालंय अंगाच्या उबेने,
आणि उतरायला लागते.