पेपर एकोणतीसला

बावीसच्या सकाळी बोर्डावर नोटीस लागली:
‘प्रशासकीय कारणास्तव’.
खाली सही, सहीवर अर्धाच उमटलेला शिक्का,
आणि आमचा थर्मोचा पेपर गेला एकोणतीसवर.
‘आपल्याच ब्रँचचा काऊन बे?’
विपुल काचेलाच विचारत होता,
काचेवर त्याच्या श्वासाची वाफ.

दुपारपर्यंत सिव्हिलच्या पोरी गेल्या.
संध्याकाळी कांचन मडावी निघाली, सिरोंच्याची,
गणेशपेठेतून रात्रीची एसटी,
अर्ध्या वाटेनंतर नुसतं जंगल.
जाताना पाणी तापवायचा रॉड देऊन गेली,
वायरला तीन ठिकाणी चिकटपट्टी.
‘आधी पाण्यात, मंग बटन.
उलटं केलं तर तुहा निकाल आधीच लागन.’
जिन्यावरून परत आली,
उशीखालची दोन संत्री टेबलावर ठेवली,
आणि काही न बोलता गेली.

मेस बंद.
दोरीवर कुणाचा तरी एकच मोजा
दोन दिवस झाले वाळतोय.
वॉर्डनबाई म्हणतात, ‘तू गेली नाहीस?’
जणू जाताना कुणी दिवा मालवायला विसरलं
आणि तो दिवा मी.

आईचा फोन. ‘दिवाळीलाही आली नव्हतीस.’
दिवाळीत जर्नलवरच्या सह्या राहिल्या होत्या,
हे तेव्हाही सांगितलं होतं.
‘बरं,’ म्हणते ती.
ते ‘बरं’ वणीहून निघतं,
वरोरा, जाम, बुटीबोरी करत
माझ्यापर्यंत येतं तेव्हा फोन ठेवलेला असतो.

अधिवेशन उठलं, मोर्चे आपापल्या जिल्ह्यांत गेले,
बर्डीच्या रस्त्यावर बॅरिकेडचे बांबू तेवढे पडलेत.
रात्री पारा आठवर.
खिडकीच्या फटीत मागच्या सेमचे प्रश्नसंच कोंबले.
उष्णता गरमाकडून थंडाकडे आपोआप जाते,
उलटी न्यायची तर काम करावं लागतं:
हे वाक्य अकरा वेळा वाचलं.
पाठ झालं. कळलं नाही.

चोवीसला रोझलिन साळवेचा फोन, मेकोसाबागेतून.
‘एकटी काय करून रायली तिथं? ये.
आई करंज्या तळून रायली, हात कमी पडून रायले.’
पुस्तक घेऊन गेले, लाजेखातर.

ओट्यावर खोबरं, खसखस, वेलची.
मी म्हटलं, हे तर दिवाळीचं.
‘नाताळचं हाय,’ साळवेकाकू म्हणाल्या,
‘दिवाळीवाल्यांनी आमच्याकडून उसनं नेलं असन.’
सगळ्या हसल्या. रोझलिनच्या मावशीला तर ठसका लागला.
माझी पहिली करंजी तेलात फुटली,
सारण काळं होऊन कढईभर फिरलं.
कुणी काही म्हटलं नाही,
काकूंनी झाऱ्यानं काढून बाजूला टाकलं.
पाचवी-सहावी नीट जमली.
रोझलिन पाती लाटता लाटता म्हणाली, ‘दुसरा नियम सांग.’
मी कढईकडे बघत सांगितला,
पुस्तकातल्यासारखा नाही,
पण ती म्हणाली, ‘हो, तसंच काहीतरी.’
पुस्तकावर तोवर मैदा सांडला होता.

मग गल्लीत कॅरलवाली पोरं आली,
कानटोप्या घालून,
पेटीलाही सर्दी झाल्यासारखी.
त्यांना चहा देता देता किती वाजले ते बघितलंच नाही.

रोझलिनच्या भावानं गाडीवर सोडलं.
फाटकाशी वॉर्डनबाई, अंगावर दोन शाली, पुढ्यात रजिस्टर.
लिहिलं: पावणेएक.
मी डबा उघडून समोर धरला.
एक खाल्ली. दुसरी अर्धी.
मग बोटं शालीला पुसून
पावणेएक खोडलं, साडेनऊ केलं,
आणि म्हणाल्या, ‘खोबरं छान भाजलंय.’

खोलीत एक संत्रं उरलंय.
एकोणतीसला अजून चार दिवस.
उजाडल्यावर आईला फोन करायचाय,
आपला, नोटिशीचं काही न सांगता.
बादली भरून ठेवली आहे.
आधी पाण्यात, मग बटण.