आलबेल

रात्री साडेतीनला पार्नूतल्या आमच्या ऑफिसात
कोणी नसतं.
कपाटातला सर्व्हर तेवढा जागा होतो,
दिवसभर आम्ही लिहिलेलं सगळं जुळवतो,
चारशे बारा परीक्षा घेतो त्याच्या,
मग दुसऱ्या दिवशीच्या बोटींच्या याद्या
धक्क्यावरच्या यंत्रांना वाटून टाकतो
आणि एक चिठ्ठी पाठवतो:
बिल्ड यशस्वी. याद्या पोचल्या. चुका शून्य.

मी ती चिठ्ठी वाचत नाही.
खरं सांगते, तीन वर्षांत
हिरवी आहे एवढंच बघितलं,
तेही कॉफीचं पाणी उकळेपर्यंत.
जानेवारीत एकदा लाल आली होती. डिस्क भरलेली,
जुन्या लॉगांनी,
पावत्या न फेकणाऱ्या माणसाच्या खणासारखी.

ही सगळी मांडणी उर्मास कास्कची.
तो निवृत्त झाला, मुहू बेटावर गेला,
तिथे मासे धुरी देतो, जाळी सांधतो.
जाताना किल्ल्या दिल्या, आपला मग नेला,
यादीतलं नाव काढायचं मात्र राहिलं.
त्याने सांगितलं नाही, मी काढलं नाही.

मार्चचा शेवटचा रविवार.
त्या रात्री आमच्याकडे घड्याळं पुढे करतात,
उन्हाळ्यासाठी एक तास उसना घेतात
आणि ऑक्टोबरात परत करतात, बिनव्याजी.
तीन वाजणार तोच चार वाजले.
साडेतीन वाजलेच नाहीत.
सर्व्हर ज्या वेळेसाठी थांबला होता
ती त्या दिवशी जन्माला आली नव्हती.
काही मोडलं नाही, काही अडलं नाही,
म्हणून कळवण्यासारखंही काही नव्हतं.
न झालेल्या कामाला तोंड नसतं.

पाच वाजता फोन.
"आयवे, झोपली होतीस?"
"हो."
"चिठ्ठी आली नाही."
"लाल आहे का?"
"लाल नाही, हिरवी नाही. आलीच नाही."

मागे त्याची किटली वाजत होती.
म्हटलं, उर्मास, तू अजून वाचतोस ती?
"वाचत नाही गं. येते ते ऐकतो.
फोन टिंग करतो, मग मी बूट घालतो.
आज वीस मिनिटं झाली
नुसते मोजे घालून बसलोय पलंगावर."

पूर्वी पहारेकरी रात्रभर 'आलबेल' ओरडत फिरायचे म्हणे.
झोपलेल्यांना ते ऐकूच जायचं नाही.
थांबलं की जाग यायची.

पहिली बोट पाच पस्तीसला.
विर्त्सूच्या धक्क्यावर फाटक
शनिवारची नावं विचारत होतं
रविवारच्या माणसांना:
गाणाऱ्या मुलांची एक बस,
बेटावर कुणाचे तरी दिवस भरले म्हणून निघालेली सुईण,
आणि ट्रेलरमध्ये एक घोडा,
ज्याच्याकडे तिकीट होतं पण नाव नव्हतं.
मी अंथरुणातच लॅपटॉप उघडला, जॉब हाताने सोडला.
चारशे बारा परीक्षा अकरा मिनिटं चालतात.
त्यांना चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.
एकेकीचं नाव वाचत गेले,
तीनशेच्या आसपास उर्मासच्या हातची एक:
'परतीचं तिकीट नसलेला प्रवासीही मोजला जावा.'

पाच एकतीसला फाटक उघडलं.
घोडा आधी गेला म्हणे.

सोमवारी आठ ओळींचं एक नवं काम लिहिलं:
अडीचपर्यंत चिठ्ठी दिसली नाही तर बोंब मार.
जुन्याची वेळ हलवली, दोन वाजून दहा,
जिला मार्च हात लावत नाही, ऑक्टोबरही नाही.
तानेल म्हणाला, आणि बोंब मारणाराच झोपला तर?
मी यादी उघडली.
ऑफिस, मी, उर्मास.
माजी कर्मचाऱ्यांचे पत्ते काढा
असं सुरक्षा विभागाचं पत्र दोनदा आलंय.
मी कळवलंय: काम चालू आहे.

चिठ्ठी आता दोन एकवीसला येते.
उर्मासची तक्रार आहे,
एवढ्या रात्री बूट घालून
माणसाने जायचं कुठे?