आवाज बंद करून

रेंज फक्त कबरस्तानाच्या भिंतीपाशी येते.
तिथे, वजा अकरात, हातमोजा दातांत धरून
काल रात्री मी एक हृदय उतरवून घेतलं.
साडेअकरा मिनिटांचं. पाऊण तास लागला.
त्र्याऐंशी टक्क्यांवर अडलं तेव्हा
भिंतीपलीकडच्यांना म्हटलंसुद्धा,
जरा सरका, वाट द्या.

सकाळी वर्गात गोवऱ्यांचा धूर,
फळ्यावर सासूबाईंची चादर,
काळोख हवा म्हणून खिडक्यांवर मुलांचेच कोट.
नारिनच्या वरची ही शेवटची शाळा.
सातवीची चौदा डोकी. टोप्या राहू द्या म्हटलं.

मग चादरीवर ते उगवलं,
अर्धं लाल, अर्धं निळं,
इतकं स्वच्छ, जसं कुणाच्याच अंगात नसतं.
शहरी रशियनमध्ये एक गुळगुळीत आवाज
झडपांची नावं सांगत सुटला.
मुलं बघत होती,
पलीकडच्या उतारावरची
दुसऱ्याची घोडी बघावी तशी.

चौथ्या मिनिटाला मागून कुणीतरी हसलं.
बेकझात.
सप्टेंबरपासून हजेरीपुरतं तोंड उघडणारा.
"एजे, ते निळं नसतं."

मी थांबवलं.
चादरीवर हृदय दोन ठोक्यांच्या मधे
अर्धवट आवळलेलं, तसंच.
कसं असतं मग?

तो उठला नाही. बसल्या जागी ओंजळ केली.
"गरम असतं. वर पिवळी चरबी, बोटाने सुटते.
बाहेर काढलं तरी हातात हलतं थोडा वेळ,
त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.
बाबा म्हणतात, तोवर बोलायचं नाही."

हृदय म्हणालाच नाही तो. काळीज म्हणाला,
घरात म्हणतात तसं,
एखाद्याला असतं, एखाद्याला नसतं,
त्याही अर्थाने.

एक कळ दाबून मी आवाज बंद केला.
चित्र चालू.
"आता तू सांग."

झडपेला दार म्हणाला, महारोहिणीला जाड नळी.
चुका टिपायला वही काढली,
मग तिच्यावर चहाचा पेला ठेवला.
निळं आलं की सगळे ओरडत, "नसतं!"
ऐचुरेक मनगट धरून मोजत बसली:
"एजे, ह्याचं फारच हळू चालतं."
"त्याला थंडी कुठे वाजतेय," दुसरं कुणीतरी.

सातव्या मिनिटाला वीज गेली.
चादर नुसती चादर झाली.
कोट काढायला कुणी उठलं नाही.
काळोखात त्याचा आवाज तेवढा, आणि
ती ओंजळ बहुतेक तशीच,
कारण पुढच्या बाकावरचा म्हणाला,
"मला दे जरा."

जिल्ह्याला पाठवायच्या तक्त्यात एक रकाना असतो:
दृक्‌श्राव्य साधन, वापरले, वापरले नाही.
मी दोन्हींवर खूण केली.