कॅबिनेट पुढच्या वर्षी

सोदबिलेगनं यादी केली वहीच्या शेवटच्या पानावर,
पेन्सिलीनं.
खोडरबर आधी संपलं, यादी नंतर.

नऊ लाख तुगरिक.
ऐकायला केवढे!
टेकडीवरच्या घरांत कोळशाच्या विटांची पोती चढवून
त्यानं सहा महिन्यांत जमवलेले,
माझ्या जादा पाळ्यांचे,
आणि मामाचे दीड लाख,
"फक्त खेळायला?" असं चारदा विचारून दिलेले.

मला यातलं काही कळत नाही.
मी उलानबातरच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवते.
मला एवढंच ठाऊक,
की बस कितीही नवी असो,
वरचे दोन दांडे तारेवरून निसटले
की चाळीस माणसांसकट ती नुसतं एक कपाट होते
आणि मला उणे तिशीत खाली उतरून
दोरी ओढत बसावं लागतं.

म्हणून यादीतल्या सगळ्यांत शेवटच्या ओळीवर मी बोट ठेवलं.
"हे वीज देणारं, हेच इतकं स्वस्त का?"
तो म्हणाला, "त्याचं काय, आई, ते दिसत पण नाही."
"दांडेही कुणी बघत नाही," मी म्हटलं.
आमच्या वस्तीत संध्याकाळी साऱ्या चुली, साऱ्या किटल्या एकदम लागतात
आणि दिवा पापणी लववतो,
ते त्याला आठवलं असावं.
त्यानं ती ओळ खोडली. थुंकी लावून, बोटानं.

मदरबोर्ड एक पायरी खाली आला.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
असं होतंय हे त्याचं त्यालाच दिसलं.
रॅम जुनी, दोन वेगवेगळ्या घरांतली, सावत्र भावंडांसारखी.
पडदा म्हणजे मामाचा टीव्ही,
डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग असलेला.

उरलं ग्राफिक्स कार्ड.
"त्याच्यावर गवत आहे, आई.
साध्यावर नुसता हिरवा गालिचा,
चांगल्यावर एकेक पातं वाऱ्यानं हलतं."

जुन्या भागांचा बाजार तळघरात.
होंगोरझुल नावाची मुलगी, बोटं कापलेले हातमोजे घालून,
फुंकर मारून कार्ड पुढं करते.
"खोटं नाही बोलत. हे तीन वर्षं नाणी खणत होतं.
रात्रंदिवस. म्हणून या भावात."
सोदबिलेगचा चेहरा पडला. त्यानं हात मागं घेतला.
सगळे सांगतात, खाणीतलं घेऊ नये.

मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.
बाहेरून धड. पंख्याच्या पात्यांत काळी पूड.
त्याचे बाबा दक्षिणेकडून परत आले तेव्हा असेच होते,
बाहेरून धड,
आणि नंतरही सात वर्षं कामाला आले,
कुणी घाई केली नाही तर.

"घे," मी म्हटलं. "हळू चालव."

मग कॅबिनेटला पैसे उरले नाहीत.
काचेचं होतं, आत रंग बदलणारे दिवे.
त्यानं त्याच्याकडं एकदा बघितलं,
शेजारच्या लग्नातल्या मुलीकडं बघावं तसं,
आणि म्हणाला, पुढच्या वर्षी.

नऊ वाजता, वीज स्वस्त झाल्यावर,
बोर्डाच्याच खोक्यावर बोर्ड मांडून त्यानं बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा काही नाही.
मी ताटं आवरायला उठले, कारण त्याच्याकडं बघवेना.
मग 'कट्' असा आवाज. रॅम नीट बसली नव्हती.

गवत आलं.
थोडं अडखळत, जांभळ्या डागाखालून,
पण हललं.
तो खेळला नाही. नुसता माळावर उभा राहिला
आणि मला म्हणाला, बघ, इकडून वारा येतोय.

कार्डातून गरम हवा येत होती. मी हात शेकले.
त्या रात्री शेगडीत एक वीट कमी टाकली.

पहाटे थंडी वाजली तेव्हा उठून टाकली.